घड्याळ सिंक झालं, पण आठशे मीटर खरंच आठशे होते का? परभणीतलं एक प्रकरण

प्रकरण परभणीतलं आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी, वय वीस, रोज पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळायला जाते आणि हातात दोन हजाराच्या आतलं कॉलिंगवालं स्मार्टवॉच. तक्रार एवढीच होती, "काका, घड्याळ सिंकच होईना गेलंय, कालचं पळणं आजपण दिसंना." सिंक म्हणजे घड्याळातले आकडे फोनच्या ॲपमध्ये उतरणं. माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, अशी घड्याळं घेऊन लोक येतच असतात आणि बहुतेकांचं काम उभ्या उभ्या होऊन जातं. हे मात्र सविस्तर लिहायलोय कारण यात सिंकची अडचण आणि चुकीचे आकडे दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली, आणि तीच गोष्ट भरतीच्या कितीतरी पोरापोरींच्या घरात असू शकते.

ज्यांना भरतीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिपाई पदाचं ग्राउंड, म्हणजे मैदानी परीक्षा, ५० मार्कांचं, त्यात पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर पळायचं त्याला २० मार्क, बाकी १०० मीटर आणि गोळाफेक, प्रत्येकी १५. पळण्याचे मार्क सेकंदावर ठरतात, आणि मेरिट एकेका मार्कावर अडतं हे परभणी, बीड, हिंगोलीकडं जवळपास प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी भोगलेलं आहे. ही पोरगी सगळा सराव घड्याळावर ठरवायली होती. घड्याळानं ८०० म्हटलं की थांबायचं, टायमिंग वहीत लिहायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा कमी आणायचं. म्हणून मला हे नुसतं सिंक करून देऊन सोडावं वाटलं नाही.

रिसेटच्या आधी

माझ्याकडं यायच्या आधी तिला कुणीतरी फॅक्टरी रिसेट मारायला सांगितलं होतं, बरं झालं तिनं मारलं नाही. घड्याळ पावलं, हृदयाचे ठोके, झोप हे सगळं आधी स्वतःच्या मेमरीत ठेवतं आणि फोनला जोडलं गेलं की तिकडं ढकलतं. स्वस्त घड्याळांत ही मेमरी थोड्याच दिवसांची असते, आठवडाभर धरा, त्याच्या पुढं जुनं पुसून नवं लिहिलं जातं. रिसेट मारलं की जे फोनला पोचलं नाही ते सगळं गेलं, परत आणायचा काही रस्ता नाही. त्यामुळं रिसेट हा शेवटचा उपाय आणि तो पण जेवढं सिंक होईल तेवढं करून घेतल्यावरच. आमच्या धंद्यातले पण बरेच जण पहिलं काम रिसेटच करतात, गिऱ्हाईक लवकर मोकळं होतं म्हणून, पण ते मला पटत नाही, त्यात गिऱ्हाइकाचं जे जातं ते त्याला सांगितलं पण जात नाही.

कॉल येतात, मग सिंक कामून नाही?

हा तिचा प्रश्न होता आणि रास्त होता. घड्याळावर कॉल येतो, बोलता येतं, फोनच्या ब्लूटूथच्या यादीत नावासमोर कनेक्टेड लिहिलेलं, आणि ॲप म्हणतंय डिस्कनेक्टेड. इथं लई जण गोंधळतात. कॉलिंगवाल्या घड्याळात ब्लूटूथच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या असतात. आवाजासाठी जुन्या पद्धतीचं क्लासिक ब्लूटूथ, जे आपला इअरफोन वापरतो, आणि डेटासाठी लो एनर्जी म्हणजे कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ. एक चालू असून दुसरं बंद राहू शकतं. फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारं कनेक्टेड बहुतेक वेळा आवाजाचं असतं, सिंकशी त्याचा संबंध नाही. म्हणून घड्याळ कधी पण ॲपच्या आतून जोडायचं, सेटिंगमध्ये जाऊन नाव दाबून नाही, आणि जोडलंय का नाही हे पण ॲपमध्येच बघायचं.

तर आता मजा अशी झाली की दुकानात ॲप उघडलं, बोटानं खाली ओढलं आणि सिंक झालं. पहिल्याच फटक्यात. पोरगी खूश, निघायलीच होती. पण मी अजून कशाला हात पण लावला नव्हता, मग नीट झालं कसं हे कळल्याशिवाय तिला सोडण्यात अर्थ नव्हता, ती उद्या परत आली असती. आणि सिंक झालं तरी कालचं पळणं दिसंना, आजचीच थोडी पावलं आली होती. तिला विचारलं, नेमकं कुठं होत नाही? थोडा विचार करून म्हणाली, "ग्राउंडवर कधीकधी होतं. घरी कधीच होत नाही."

या उत्तरावरच सगळं प्रकरण फिरलं. घड्याळ खराब असतं तर सगळीकडंच रडलं असतं. फोनमध्ये काही गडबड असती तर फोन पण तिच्यासोबतच असतो, ग्राउंडवर पण आणि घरी पण. बदलतंय ते फक्त आजूबाजूचं. मग घरी असं काय आहे जे ग्राउंडवर नाही आणि माझ्या दुकानात नाही? विचारलं, हे घड्याळ आधी कुणाच्या फोनला जोडलं होतं का? तर घड्याळ मुळात भावानं घेतलेलं, थोडे दिवस वापरून बहिणीला दिलेलं. भावाच्या फोनमध्ये ॲप तसंच होतं. त्यानं ते उघडून पण बघितलं नव्हतं कधी, पण ॲप मागं चालूच होतं आणि घड्याळाची वाट बघत बसलेलं.

हे असं चालतं. लो एनर्जी ब्लूटूथवर घड्याळ आपण मोकळे आहोत हे सतत हवेत सांगत राहतं, कुणी फोननं पकडलं की ते सांगणं बंद करतं. अशी बहुतेक घड्याळं डेटासाठी एका वेळी एकाच फोनला धरतात. पोरगी पळून घरी आली की पुढच्या खोलीत चार्जिंगला लावलेला भावाचा फोन घड्याळ आधी पकडायचा, तिच्या फोनला ते सापडायचंच नाही. ब्लूटूथची रेंज साध्या घरात दोन खोल्या पार करतेच. आवाजाची जोडणी मात्र तिच्याच फोनला, म्हणून कॉल येत राहायचे आणि सगळं बरोबर वाटायचं.

भावाला फोन घेऊन दुकानात बोलावलं. त्याचं ॲप उघडलं तर तिचं सगळं हरवलेलं पळणं तिथं ओळीनं पडलेलं. कालचं, परवाचं, सगळं. पोरगी बघतच राहिली. घड्याळाच्या हिशोबानं त्यानं डेटा पोचवला होता, आणि एकदा पोचवलेला डेटा बरीच घड्याळं दुसऱ्या फोनला पुन्हा देत नाहीत. ते आकडे तिनं तिथल्या तिथं वहीत उतरवून घेतले, दुसरा उपाय नव्हता.

मग दुरुस्ती. भावाच्या ॲपमधून घड्याळ अनबाइंड केलं म्हणजे सोडवलं, मग त्याच्या फोनच्या ब्लूटूथ यादीतून फरगेट, आणि मग ॲप काढलं. हा क्रम पाळायचा. नुसतं ॲप काढून टाकलं तर काही घड्याळं जुन्या फोनलाच बांधलेली राहतात आणि नवीन फोनला दाद देत नाहीत. तिच्या फोनमधून पण एकदा काढून ॲपच्या आतून नव्यानं जोडलं. ॲप खरं तेच आहे ना ते पण बघितलं, कारण प्ले स्टोअरवर एकसारख्या नावाची ढीगभर ॲप आहेत, घड्याळाच्या सेटिंगमधला क्यूआर कोड स्कॅन केला की बरोबर त्याच ॲपवर नेतं.

तिच्या फोनमध्ये अजून दोन गोष्टी निघाल्या. एक परमिशनची. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवर काही शोधायचं तर लोकेशनची परमिशन लागायची, लोकेशन बंद असलं की ॲपला घड्याळच दिसायचं नाही, लोकांना वाटतं पळायचं लोकेशनचं नंतर बघू, सिंकचा काय संबंध, पण संबंध होता. अँड्रॉइड १२ पासून जवळपासची डिव्हाइस नावाची वेगळी परमिशन आली. तिचा फोन जुना, लोकेशन बॅटरी वाचवायला बंद ठेवलेलं. दुसरी गोष्ट बॅटरी सेव्हरची. आपल्याकडं चालणारे बरेच फोन मागं चालणारी ॲप स्वतःहून मारून टाकतात, त्यामुळं ॲप उघडल्याशिवाय सिंक होत नाही. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये निर्बंध काढले, ऑटोस्टार्ट चालू केलं, आणि रिसेंटच्या यादीत ॲपवर कुलूप लावलं म्हणजे सगळं साफ करताना ते उडत नाही. घरी जाऊन तिनं संध्याकाळी कळवलं, व्यवस्थित सिंक व्हायलंय.

आकडे बघितल्यावर खरं काम निघालं

वहीत उतरवलेल्या आकड्यांमध्ये ८०० मीटरचं टायमिंग सगळीकडं तीन मिनिटांच्या बरंच आत होतं. मला जरा खटकलं, कारण भरतीच्या अकॅडमीत सरांनी शिट्टी वाजवून घेतलेलं टायमिंग तीनच्या पुढं जातं असं तीच बोलली होती, आणि तिला वाटायचं की सरांसमोर टेन्शन येतं म्हणून होत असंल. टेन्शन नव्हतं. अंतरच कमी होतं.

या घड्याळात स्वतःचं जीपीएस नाही. फोन जवळ असला आणि ॲपमधून रन चालू केलं तर ते फोनचं जीपीएस घेतं, पण ही फोन पिशवीत ठेवून थेट घड्याळावर पळणं चालू करायची. तसं केलं की घड्याळाकडं एकच मार्ग उरतो, पावलं मोजायची आणि त्याला एका पावलाच्या लांबीनं गुणायचं. ही लांबी ते मोजत नाही, आपण टाकलेल्या उंचीवरून अंदाजानं धरतं. चालताना एक पाऊल साधारण उंचीच्या ४१ टक्के असा ठोकताळा सर्रास वापरतात, पळण्यासाठी ते आपलं वेगळं काहीतरी गणित लावतात पण पाया उंचीच.

आणि उंची कुणाची होती? भावाची. जो फोन जोडला जातो तो आपल्या प्रोफाइलमधली उंची, वजन, वय घड्याळाला पाठवून देतो, आणि रोज घरी भावाचाच फोन जोडला जायचा. भाऊ पाच फूट दहा इंच, पोरगी पाच फूट दोन इंच. चालायच्या ठोकताळ्यानं बघा, त्याचं पाऊल ७३ सेंटीमीटरचं निघतं, हिचं ६५ च्या आसपास. प्रत्येक पावलाला आठ सेंटीमीटर फुकटचे मिळायले होते. हिशोब केला तर घड्याळ ८०० म्हणतंय तेव्हा ती सातशेच्या थोडं पुढं असणार. नव्वदेक मीटर न पळता रोज वहीत टायमिंग लिहायली होती बिचारी, आणि त्यात तिची काडीचीही चूक नाही.

कागदावरच्या हिशोबावर मी सोडलं नाही. अकॅडमीच्या मैदानावर चुन्यानं आखलेला ४०० चा ट्रॅक आहे, तिथं आधी प्रोफाइलमध्ये मुद्दाम भावाचीच उंची टाकून पळायला लावलं. दुसरा राउंड पुरा व्हायच्या बराच आधी, शेवटच्या वळणावर असतानाच घड्याळ थरथरलं, ८०० पूर्ण. मैत्रीण मोबाईलवर स्टॉपवॉच धरून रेषेवर उभी होती, तिथपर्यंत पोचायला अजून वेळ लागला आणि एकूण टायमिंग तीन मिनिटांच्या पुढं गेलं, म्हणजे सरांच्या शिट्टीशी बरोबर जुळलं. सर खोटं सांगत नव्हते.

मग तिची उंची टाकून परत. आता घड्याळ ट्रॅकच्या बरंच जवळ आलं, पण अगदी बरोबर नाही आणि ते येणार पण नाही. हळू पळली की घड्याळ जास्त दाखवतं, जोरात पळली की कमी, कारण जोरात पळताना पाऊल लांब पडतं आणि घड्याळ मात्र ठरलेलीच लांबी धरून बसतं. शेवटचे दोनशे मीटर ती दाबते तिथंच ते चुकतं, आणि भरतीत नेमके तेच दोनशे महत्त्वाचे. ज्यांच्या ॲपमध्ये पावलाची लांबी हातानं टाकायची सोय आहे त्यांनी ट्रॅकवर पळून पावलं मोजून ती टाकावी, फरक पडतो. तिच्या ॲपमध्ये नव्हती.

ट्रॅकवर पळताना सगळ्यात आतल्या लेननंच पळायचं, ४०० मीटर ते तिथलं असतं. दुसऱ्या लेनला एका राउंडला सात मीटर वाढतात, दोन राउंडला चौदा, आणि तेवढ्यानं तीनेक सेकंद जातात. गावात ट्रॅक नसला तर सरळ मोजायची टेप आणा, रस्त्यावर शंभर मीटर मोजून दोन्ही टोकाला रंगाच्या खुणा मारा, जीपीएसपेक्षा ते पक्कं. फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटर इकडंतिकडं असतं, लांब पळण्यात ते चालून जातं, पण ८०० मध्ये वळणं कापतं आणि झाडाखाली उड्या मारतं.

ठोके, भाकरी आणि बाकीचं

ठोके घड्याळ हिरव्या उजेडानं बघतं. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, ठोक्यागणिक नसेतलं रक्त कमीजास्त होतं, तेवढा परत येणारा उजेड बदलतो, त्यावरून ठोके मोजायचे. घड्याळ सैल असलं की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा बिघडतो. हिच्या त्याच हातात बांगड्या होत्या, त्या घड्याळाला सारखं ढकलून मनगटाच्या हाडावर आणायच्या. बांगड्या दुसऱ्या हातात, घड्याळ हाडाच्या दोन बोटं वर, पट्टा जरा आवळून, एवढ्यानं आकडे सुधारले. तरी जोरात पळताना एक गोष्ट दिसली की ठोके आणि पावलांचा वेग एकच आकडा दाखवायले होते. हाताच्या हिसक्यालाच घड्याळ ठोका समजतं तेव्हा असं होतं. थांबल्या थांबल्या अंगठ्याखाली मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचं, हे तिला शिकवलं. आणि परभणीची थंडी साधी नाही, विद्यापीठाच्या हवामान केंद्रावर २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा २ अंशांवर आला होता. गार पडलेल्या हातात कातडीजवळचं रक्त कमी होतं आणि घड्याळ काही पण दाखवतं, म्हणून हिवाळ्यात अंग गरम होईपर्यंतचे आकडे धरायचे नाहीत.

पावलांचं बघू. सकाळी आईला मदत म्हणून ती ज्वारीच्या भाकरी करते, परातीत भाकरी थापताना मनगट एका लयीत हलतं आणि घड्याळ ती पावलं मोजतं. मी तिला एक भाकरी होईपर्यंत आकडा बघायला लावला, परातीसमोर बसल्या जागी पावलं वाढायली होती. खडबडीत रस्त्यानं गाडीवर जाताना पण तसंच. उलट हातात पाण्याची घागर धरून चाललं की हात हलत नाही म्हणून पावलं कमी येतात. तिच्या बाबतीत दिवसाची एकूण पावलं बघायची गरजच नाही, म्हणून ती आम्ही सोडून दिली.

कॅलरीचा आकडा पण सोडायला लावला, आणि इथं मी जरा जोर देऊन सांगितलं, कारण ती त्यावर जेवण ठरवायली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये सात प्रकारचे मनगटी ट्रॅकर तपासले, त्यात ठोके बहुतेकांचे बऱ्यापैकी बरोबर आले पण कॅलरी सगळ्यांच्याच चुकल्या, जे सगळ्यात बरं होतं ते पण सरासरी २७ टक्क्यांनी आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. ती सगळी नावाजलेली महागडी यंत्रं. पळणाऱ्या वीस वर्षाच्या पोरीनं अशा आकड्यावर अर्धी भाकरी कमी करायची हे मला बघवेना.

तिच्या आईनं एकदा दुकानात येऊन विचारलं, "भाऊ, ह्याच्यात शुगर पण कळती म्हणे." आईला शुगर आहे. मी घड्याळ काढून काउंटरवर उपडं ठेवलं आणि ऑक्सिजन मोजायला लावलं, लाकडाच्या फळीचा पण चांगला आकडा आला. त्यांना सांगितलं की सुई न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांपासून लांब राहा असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, फेब्रुवारी २०२४ मध्येच दिलाय, अशा एकाही घड्याळाला त्यांनी मंजुरी दिलेली नव्हती. बोटातून रक्त काढून मशीनवर बघायचं ते चालूच ठेवा, गोळी त्याच्यावरच ठरू द्या.

मग घड्याळ ठेवायचं कशाला? ठेवायचंच. सकाळी उठल्यावर पडल्या पडल्या आरामातले ठोके ते बरे दाखवतं, हात हलत नसतो ना, आणि ते ठोके रोजच्यापेक्षा सातआठनं जास्त आले तर त्या दिवशी जोराचं पळणं करायचं नाही, अंग थकलंय किंवा ताप यायलाय. किती दिवस पळाली, किती दिवस खाडा झाला, हे पण त्यात नीट राहतं. ८०० चं टायमिंग मात्र ट्रॅक आणि स्टॉपवॉचचंच, १०० मीटर आणि गोळाफेकीत तर घड्याळाचा काही उपयोगच नाही. तिच्या वहीत आता दोन वेगळे रकाने आहेत, ट्रॅकचे आकडे निळ्या पेनानं, घड्याळाचे पेन्सिलनं.

जुनी वही बघून तिला दोन दिवस वाईट वाटलं, तिनं तसं बोलून पण दाखवलं. मी एवढंच म्हटलं की जे पळालीस ते पायात आहेच, अंतर तेवढं चुकीचं लिहिलं होतं. त्यानंतर ट्रॅकवर टायमिंग थोडं थोडं उतरायलंय, अजून हवं तेवढं नाही, ग्राउंडला वेळ आहे. सिंक अधूनमधून अडतं, मध्ये फोनला अपडेट आलं आणि बॅटरीचे निर्बंध आपोआप परत लागले, तेव्हा तिनं स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन काढले, दुकानात यायची गरज पडली नाही.